त्रिंबकशेठची कोरडी भिंत

माजलगावच्या धान्याच्या मोंढ्यात त्रिंबकशेठच्या बोटांना फार मान आहे. शेतकऱ्यानं सोयाबीनचं पोतं उघडलं की शेठ मूठभर दाणे घेतात, त्यातला एक दाताखाली धरतात आणि ओल मोजायचं मशीन लावायच्या आधीच निकाल देतात, "ओला हाय. भाव तुटंल." मशीनही बिचारं त्यांच्याच बाजूनं बोलतं. दिंद्रुडहून एका पिशवीत कपडे घेऊन आलेला हा माणूस तीस वर्षांत आडतदार झाला. मोंढ्यामागं दुमजली घर बांधलं, वर स्वतः राहिला आणि खालच्या खोल्या भाड्यानं दिल्या. दुसऱ्याच्या मालातली ओल ओळखण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, हे मी शपथेवर सांगेन. स्वतःच्या भिंतीतली ओल मात्र त्यांना कधी दिसली नाही.

मी एसटीतून रिटायर झालेला कंडक्टर, खालच्या एका खोलीत राहतो. शेजारच्या खोलीत मनिषा, तिची सहा वर्षांची संस्कृती आणि एक शिलाई मशीन. मनिषाचा नवरा प्रविण ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. तिच्या खोलीची मागची भिंत बरोबर शेठच्या न्हाणीखाली येते. शेठ रोज सकाळी स्तोत्र म्हणत बादल्यांवर बादल्या अंगावर घेतात. पुण्य त्यांच्या पदरात पडतं आणि पाणी फुटक्या पाइपातून मनिषाच्या भिंतीत मुरतं. आधी पोपडे सुटले, मग काळी बुरशी चढली. खोली एवढीशी, की खाट त्याच भिंतीला लावावी लागे आणि पोरगी त्याच खाटेवर निजे. तिला खोकला लागला, मग छाती वाजू लागली. डॉक्टरांनी तोंडात मारायचा फवारा दिला आणि बजावलं, ती भिंत कोरडी झाली नाही तर हा दमा पोरीला सोडणार नाही.

मनिषा वर जाऊन सांगून आली. शेठ खाली आले आणि उंबऱ्याबाहेरूनच बघून म्हणाले, "ओल कुठं हाय? तुमी बाया घरात धुणं वाळत घालता, त्याची वाफ हाय ती. खिडकी उघडी ठेवत जा."

त्या खोलीला खिडकी एकच, आणि ती शेठच्याच गोदामाच्या भिंतीला तोंड करून आहे. गेल्या दिवाळीला त्यांनी उदार होऊन वरून पिस्ता रंगाचं डिस्टेंपर मारून दिलं. वरून कीर्तन, आतून तमाशा! महिन्याच्या आत पिस्त्यातून काळं वर आलं. शेठनं तेही वाफेच्याच नावावर घातलं.

मी काय केलं? ओल माझ्याही भिंतीला होती. मी तिच्यावर कॅलेंडर टांगलं. शेठला नावं ठेवण्याआधी हे सांगून टाकलेलं बरं.

मनिषानं कॅलेंडर टांगलं नाही. ज्या वकीलबाईंचे ब्लाऊज ती शिवते, त्यांना तिनं विचारलं. बाई म्हणाल्या, भाड्यानं दिलेली जागा दुरुस्त आणि राहण्यालायक ठेवणं ही मालकाची कायद्यानं जबाबदारी आहे, मेहरबानी नव्हे. किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. तरी मालक हलला नाही, तर भाडेकरूनं काम करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून कापावा, वर्षाच्या भाड्याच्या चौथाईपर्यंत. मनिषानं रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडली. दोघांच्या मध्ये अठरा पायऱ्या, पण पोस्टमन मोंढ्याला वळसा घालून आला तेव्हा कुठं ती वर पोचली.

शेठ अंगणात येऊन ओरडले, "कावून गं, माझ्याच घरात राहून मलाच कागद? असले कायदे मुंबई-पुण्याला असत्यात. हितं मी हाय!"

मग कुणीतरी त्यांच्या कानात फुंकलं, की स्वतःला गरज असेल तर मालकाला जागा मागता येते. त्यासाठी कोर्टात जावं लागतं, हे तेवढं त्यांनी ऐकलं नाही. नोटिशीच्या तेराव्या दिवशी ते मनिषाला म्हणाले, "गोदाम भरलंय. मला खोली सोयाबीन ठेवायला पायजे. महिनाअखेर खाली कर."

"मग आजच आणा की माल, शेठ," मनिषा म्हणाली. "मी खाट सरकवते. लावा पोती भिंतीला."

आता गरज दाखवणं भाग होतं. शेठनं दोन हमाल बोलावले. पहिल्यानं पाठीवरचं पोतं भिंतीशी उतरवायला घेतलं, तेवढ्यात शेठची ती मोंढ्यात गाजलेली बोटं सवयीनं भिंतीला लागली.

"थांब बे! भिंतीला लावू नको! लई ओल हाय, चार दिसात बुरशी धरंल मालाला!"

हमाल पोतं पाठीवर घेऊन तसाच वाकून उभा. मी दारात होतो. संस्कृती खाटेवर बसून खोकत होती.

मनिषा म्हणाली, "दीड वरीस माझी लेक ह्याच भिंतीला निजतीया. ओला माल तुमी वापस करता, शेठ. मी लेक कुणाला वापस करू?"

शेठनं बोटं धोतराला पुसली. पोरीकडं बघितलंसुद्धा नाही. हमालांना म्हणाले, "पोती वर न्या. दिवाणखान्यात ठेवा. पंखा लावा."

लाज नावाची चीज त्या घरात राहत असेल, तर तीही भाड्यानंच राहत असावी.

सोळाव्या दिवशी मनिषानं प्लंबर आणि गवंडी आणले. शेठनं मुकाट्यानं न्हाणीचं दार उघडून दिलं, कारण हमालांनी गोष्ट मोंढ्यात पोचवली होती आणि माल ओतता ओतता शेतकरी विचारू लागले होते, "शेठ, भिंतीचा काय भाव?" पाइप बदलला, गिलावा नवा झाला, खर्च मनिषानं भाड्यातून कापला. मी कॅलेंडर उतरवलं आणि माझी नोटीस पोस्टात टाकली.

आता शेठ गादीवर बसून लोकांना सांगतात, लेकराचा जीव बघून मी भिंत करून दिली. संस्कृतीची छाती अजून वाजते. डॉक्टर म्हणतात, हे काम वर्षभर आधी व्हायला हवं होतं.