भाजीच्या पाण्याचं सार

डायलिसिसच्या खोलीबाहेर ती बाई नवऱ्याच्या चपला पिशवीत घालून मांडीवर धरून बसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. मला परक्यांशी बोलता येत नाही.

त्या दिवशी यांच्या रक्तात पोटॅशियम पुन्हा वाढलं होतं. "चोरून केळी खाता काय?" डॉक्टरीणबाई सगळ्यांसमोर यांना ओरडल्या. हे खाली मान घालून बसले. "भाजी उकडून पाणी टाकता ना?" त्यांनी मला विचारलं. मी "हो" म्हणून मान हलवली.

डॉक्टरीणबाई पुढच्या पेशंटकडे वळल्यावर ती बाई माझ्या कानाशी आली. "अक्का, त्या पाण्याचं सार करता होय?"

मी हळूच मान डोलावली. भाजीचं पाणी ओतून द्यायला हात होत नव्हता, म्हणून मी ते रोज सारात घालून यांनाच वाढत होते.

"मी पण करत होते की," ती हसली. "ते पोटॅशियम का काय, सगळं त्या पाण्यातच उतरतंय."

मग तिनंच हाक मारली, "डॉक्टर, आम्ही बायका पाण्याचं सार करतो. त्यांनी चोरून काही खाल्लं नाही."

यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या मागं उभी होते. तेव्हासुद्धा "मी केलं" एवढं माझ्या तोंडून निघालं नाही.