चंदेरी कागदाचा आवाज

सगळे त्याला ओळंबा म्हणत. गिलाव्याच्या कामात त्याचं उभं आयुष्य गेलं. भिंत केसभर कलली तरी हा माणूस ती उतरवून पुन्हा करायचा, म्हणून भिंतीचा सरळपणा तपासायच्या वजनदार दोरीचं हे नाव. हात थकले तेव्हा थापी-रंधा माळ्यावर गेला, स्वभाव मात्र खालीच राहिला.

सुट्टीच्या दिवशी घरची सगळी तळ्याकाठच्या वाळूत बसून आली. परत आल्यावर सुनेने कानाला हात लावला, तर डावा डूल नाही. डूल तिच्या आईचे. आईला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. सून रडली नाही. उरलेला डूल डबीत ठेवून भाजी चिरायला बसली. ओळंबा ताट तसंच ठेवून तळ्याकडे निघाला. काठावर फलक लागलेला : आठवडा संपला की वाळू काढून फरशी बसवणार.

मेव्हण्याकडे मेटल डिटेक्टर होता. गुप्तधनाच्या नादात घेतलेला, आता कपाटामागे धूळ खात पडलेला.

"भाऊजी, एवढ्या वाळूत एक डूल? त्यापेक्षा तळंच चाळून काढा की!"

"चाळणी लहान पडते. तू यंत्र दाखव."

मेव्हण्याने दाखवलं. तबकडी जमिनीलगत फिरवायची, आवाज आला की खणायचं. "आणि हे बटण असं ठेवा. म्हणजे चॉकलेटचे चंदेरी कागद, डब्यांच्या कड्या, असला कचरा बोलतच नाही. माझी कंबर मोडली तेव्हा कुठे हे बटण कळलं!"

पहिल्या दिवशी ओळंब्याचा हात दोन्ही टोकांना वर उचलला जाई. तबकडी वर गेली की खालची वाळू सुटली. मग त्याला गिलावा सपाट करायचा रंधा आठवला. हात पोचेल तिथपर्यंत सारखाच दाब, आणि पुढचा फेरा मागच्यावर थोडा चढवून. दोरी ताणून त्याने पट्टे आखले.

"काय काका, पेरणी का?" फिरायला आलेला एकजण म्हणाला.

"हो. उगवलं तर सांगतो."

नाणी मिळाली, एक किल्ली, एक वाकडा चमचा. डूल नाही. काठ संपत आला, तसा तो घरी येऊन नुसता भिंतीकडे बघत बसू लागला.

बायको म्हणाली, "अहो, ते यंत्र सोनं ओळखतं तरी का?"

"न ओळखायला काय झालं?"

"माझी बाळी घ्या. कुंडीत पुरा. बघू तरी."

बाळी पुरली. तबकडी वरून गेली. यंत्र ढिम्म. नाणं पुरलं, तर खणखणीत बोललं. त्याने बटण मागे फिरवलं आणि बाळीवरून पुन्हा तबकडी नेली. दबका, तुटका आवाज आला. मग चंदेरी कागद ठेवून पाहिला. तोच आवाज. ओळंब्याने कपाळावर हात मारला. पातळ सोनं आणि चंदेरी कागद यंत्राला सारखेच. कचऱ्याचं तोंड बंद केलं, त्यात डुलाचंही झालं.

"मग आता?"

"गिलावा पोकळ वाजला की काय करतात? उतरवायचा."

"सगळा?"

"सगळा."

सकाळी सून खुरपं घेऊन दारात उभी. "बाबा, तुम्ही फिरवा. मी खणते."

"आणि ऑफिस?"

"रजा टाकलीय."

आवाज आला की खणायचं, एकही सोडायचा नाही. कागद, कडी, पुन्हा कागद. कचऱ्याची पिशवी फुगत गेली.

"हाही कागदच असणार, बाबा. सोडू?"

"हा सोडला तर आधीचे सगळे फुकट गेले."

ती हसली. "आईसुद्धा अशीच होती. दोऱ्याचा गुंता कधी कापला नाही, सोडवत बसायची. मला असा वैताग यायचा!" आई गेल्यापासून पहिल्यांदाच ती आईबद्दल बोलली. ओळंबा तबकडी जरा हळू फिरवू लागला.

आठवडा संपला. काठाच्या टोकाला जेसीबी येऊन उभा राहिला. सून धावत चालकाकडे गेली. "दादा, बाकाजवळचा पट्टा शेवटी घ्या ना."

"काय पुरलंय, ताई?"

"माझा डूल."

"मग घ्या शोधून. मी त्या बाजूने सुरू करतो."

बाकाच्या पायाशी दबका आवाज आला. ही जागा ओळंब्याने पहिल्याच दिवशी तुडवली होती. सुनेने खणलं. चंदेरी कागद. ती भोक बुजवायला लागली.

"थांब. बुजवायच्या आधी पुन्हा फिरवायचं."

तबकडी भोकावर आली आणि पुन्हा बोलली. सुनेने खुरपं टाकलं, बोटांनीच वाळू उकरली. मूठ वर आली ती घट्ट मिटलेली. उघडल्यावर त्यात डूल.

तिने तो तिथेच, वाळूसकट कानात घातला. "बाबा, फिरकी नाहीये मागची."

"ती सोनाराकडे मिळते. हाताने धरून ठेव."

एक हात कानाशी धरून ती हसतही होती, रडतही होती. जेसीबी जवळ येत होता. तरी ओळंब्याने भोक बुजवलं आणि वरची वाळू तळहाताने सपाट केली.