सत्तावीस शून्यं

गेल्या गुरुवारी आष्ट्याजवळच्या एका कॉलेजात परीक्षक म्हणून गेले होते. आयुष्यभर मिरजेत पॅथॉलॉजी लॅब चालवली, शिकवण्याशी माझा संबंध नाही... पण तिथल्या पाटील मॅडमनी फारच आग्रह केला.

पर्यावरण हा विषय तिथे सगळ्यांना सक्तीचा. आर्ट्स, कॉमर्स, सायन्स, कुणी सुटत नाही. निकाल दरवर्षी छान लागतो, पण मुलं त्यातून खरंच काही शिकतात का, हे मॅडमना कळत नव्हतं. आता कॉलेज तपासायला कमिटी येणार आणि नेमकं हेच विचारणार. म्हणून यंदा तोंडी परीक्षेला बाहेरचं माणूस हवं होतं, तेही भिडेला न बधणारं. माझं नाव कुणी सुचवलं ते विचारलं नाही... पण उत्सुकता मलाही होती. शिकलेलं मोजतात कसं?

प्रोजेक्ट साधा होता. घरच्या कचऱ्याचं तीस दिवस रोज वजन करायचं. ओला एका रकान्यात, सुका दुसऱ्यात, शेवटी निष्कर्ष.

फाइली चाळायला घेतल्या. ओला कचरा चारशे ग्रॅम, साडेचारशे, चारशे, पाचशे... पुढची फाईल, तेच. असे गुळगुळीत आकडे लॅबमध्ये आले की मी टेक्निशियनला समोर बसवून विचारायची, नमुना तपासलास की नुसता रिपोर्ट लिहिलास? खरे आकडे इतके शहाण्यासारखे वागत नाहीत.

एक फाईल मात्र वेगळी निघाली. स्नेहल, कॉमर्स, तिसरं वर्ष. ओल्या कचऱ्याच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य... मधेच तीन दिवस सातशे तीस, आठशे दहा, सहाशे नव्वद. मग परत शून्य. मोजली, सत्तावीस शून्यं.

खाली लाल पेनने शेरा होता, 'नोंदी अपूर्ण. काम केलेले नाही.' पंचवीसपैकी सहा. पास व्हायला दहा लागतात आणि हे गुण बदलायचे की नाही, ते मी ठरवायचं होतं. नापास झाली तर पदवी अडकणार, सांगलीला एम.कॉम.ला जायचं राहणार. घरी लग्नाचं बघायला लागलेत, हेही मॅडमनी हळूच सांगितलं. मी म्हटलं, हे मला सांगू नका.

खरं सांगते, माझंही मत त्या शेऱ्यासारखंच झालं होतं. पोरीनं तीन दिवस वजन केलं आणि कंटाळली.

स्नेहल समोर येऊन बसली. तीनच दिवस काम केलंस का, असं सरळ विचारलं. नाही म्हणाली, तीसही दिवस केलं. चुलत्याच्या दुकानातला काटा रोज सकाळी घरी आणायची, वजन झालं की परत नेऊन द्यायची. मग ही शून्यं कसली?

"आवं मॅडम, आमच्यात ओलं काय उरतच न्हाई. म्हस हाय की. सालं, देठं, शिळी भाकरी, समदं तिलाच."

"आणि हे तीन दिवस?"

"तवा म्हस व्याली. आई म्हणाली, तिला आता असलं काय घालायचं न्हाई."

मागे बसलेली मुलं फिदीफिदी हसली. मी सुक्या कचऱ्याचा रकाना बघत होते. दर आठवड्याला एकाच वारी आकडा दुप्पट होत होता, आणि शेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'बाजार'.

तीस वर्षं रिपोर्टवर 'निल' लिहून सह्या केल्या मी. लघवीत साखर निल, म्हणजे तपासणी झालेली आहे आणि साखर नाही. हे नव्या पोरींकडून घोकून घेणारी मी... आणि मला शून्य वाचता आलं नाही.

मग हसणाऱ्यांकडे वळले. घरी जनावर कुणाकुणाकडे आहे, विचारलं. एकेक हात वर व्हायला लागला... निम्म्याहून जास्त वर्ग. मग हे चारशे ग्रॅम आले कुठून?

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली, जरा घुश्श्यातच. "मॅडम, रकान्यात शून्य दिसलं की मार्क कापत्यात. तिचं कापलं न्हाई व्हय?"

पाटील मॅडम त्या लाल शेऱ्याकडे बघत राहिल्या. शेरा त्यांचाच होता. एवढ्या फाइली असतात, रकाना भरलाय की नाही एवढंच बघून होतं, असं म्हणाल्या... आणि शेरा स्वतःच्या हाताने खोडला. ते मला आवडलं.

स्नेहलला बावीस दिले. तीन कापले, कारण निष्कर्षात 'कचरा ही जागतिक समस्या आहे' वगैरे कुठूनतरी उतरवलं होतं, म्हशीबद्दल एक अक्षर नाही. तिला तसं सांगितलंही. तर म्हणते, "म्हशीचं कसं लिहायचं मॅडम, कॉलेजच्या फायलीत?" म्हटलं, तेच लिहायचं असतं.

बाकीच्यांना नापास केलं नाही, पण त्यांच्या फाइलींवर सहीही केली नाही. आठवडाभर खरं वजन करून आणा, मी परत येते. आणि मॅडमना एवढंच सुचवलं की पुढच्या वर्षी तक्त्यात एक रकाना वाढवा... 'का?'

घरी आल्यावर राहवेना, म्हणून माझ्याच कचऱ्याचं वजन सुरू केलं. पहिल्या दिवशी सहाशे चाळीस ग्रॅम. माझ्याकडे म्हैस नाही! दुसऱ्या दिवशी विसरले, घंटागाडी येऊन गेली... आणि वही उघडल्यावर हात आपोआप 'सहाशे' लिहायला गेला.

तो रकाना मोकळा ठेवलाय. शेजारी पेन्सिलीने लिहिलंय, 'विसरले'.

थँक यू, स्नेहल.