धाकट्या महालक्ष्मीचा साचा

आमची धाकटी महालक्ष्मी माझ्या हातून आंधळी झाली.

भाद्रपदात दोघी बहिणी उंद्रीला, थोरल्या भावाच्या घरी बसतात. त्यांचे प्लॅस्टरचे मुखवटे आमच्या आजीच्या वेळचे. आपल्याही घरी त्या बसाव्यात, असं बायकोला फार वाटे. पण बाजारातले मुखवटे तिला चालत नव्हते. "ते चेहरे आपल्या ओळखीचे नाहीत," म्हणे.

तेवढ्यात मलकापुरात आमच्या कॉलनीच्या समाजमंदिरात कार्यशाळा सुरू झाली. सिलिकॉनचा साचा करायचा आणि त्यात हवी ती वस्तू ओतायची! उद्घाटनाला इतके हार आणि इतकी भाषणं झाली, की साच्याचं नाव निघेपर्यंत चहा गार झाला. (मी मागच्या रांगेत बसून सगळ्यांना हसत होतो. मला समारंभाचा फार तिटकारा. स्वतःचा नसेल तर.)

मी उंद्री गाठली. "वहिनी, धाकटीचा मुखवटा द्या. हुबेहूब दुसरा करून आणतो."

"भाऊजी, तुमाले येते का पण?"

"मी त्यावर वाचलंय!"

"वाचलं त तुम्ही सैपाकाचंही होतं," वहिनी म्हणाल्या. तरी त्यांनी मुखवटा जुन्या लुगड्यात गुंडाळून दिला. "सासूबाईनं माह्या हातात देल्ला होता. सणाच्या आंधी जसाच्या तसा पाह्यजे, सांगून ठेवतो."

कार्यशाळेत शिकवायला अश्विनी नावाची मुलगी होती. मुखवटा पाहताच ती म्हणाली, "काका, पह्यले साबणाच्या वडीवर हात बसवा. आन् याले व्हॅसलीन लावल्याबिगर सिलिकॉन ओतू नका. रंग जुना हाये."

साबणाची वडी! मी? आणि व्हॅसलीनने बारकावे बुजतात, असं माझं ठाम मत होतं. (कुठे वाचलं होतं ते आजही सापडलेलं नाही.) शिवाय देवीच्या तोंडाला ओठ फुटल्यावर लावायचं मलम फासणं मला असंस्कृत वाटलं. तसं मी अश्विनीला सविस्तर समजावलं. मग समाजातल्या ज्ञानाच्या उपेक्षेवर थोडं बोललो. तिथल्या बायका आपापली कामं थांबवून ऐकत होत्या. हार तेवढा राहिला!

मी सिलिकॉन ओतलं.

दुसऱ्या दिवशी बायकोला मुद्दाम सोबत नेलं. साचा सोलायला लागलो, तर तो निघेना. जोर लावला. चर्रर्र आवाज झाला आणि साचा हातात आला. मुखवटाही आला, पण त्यावर डोळे नव्हते, ओठ नव्हते, कुंकू नव्हतं. पांढरंफटक प्लॅस्टर! सगळा रंग साच्याला चिकटून आतून आमच्याकडे टकामका बघत होता.

"अहो, डोये कोठी गेले तिचे?" बायको ओरडली.

"साच्यात आहेत. सुरक्षित आहेत!"

"देवीचे डोये सुरक्षित हायेत म्हनते हा मानूस!"

अश्विनीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हे जास्त लागलं. तिने गुपचूप प्लॅस्टर कालवून साच्यात ओतलं. ते सुकल्यावर साचा हलकेच उलटवला, आणि नवी धाकटी बाहेर आली ती जुने डोळे, जुने ओठ, जुनं कुंकू लेवून! सगळा रंग नव्या प्लॅस्टरने धरला होता.

आता खरी कोणती? जुन्या अंगाची, की जुन्या चेहऱ्याची? मी यावर एक मुद्देसूद विवेचन तयार केलं आणि दोन्ही मुखवटे घेऊन बायकोसह उंद्रीला गेलो.

वहिनींनी लुगडं सोडलं. आधी कोऱ्या मुखवट्यावरून हात फिरवला, मग रंगीत मुखवट्याकडे बघत राहिल्या.

"वहिनी, तात्त्विकदृष्ट्या पाहिलं तर..."

"चूप बसा भाऊजी."

मी बसलो. भाऊ पेपरामागे हसत होता. पेपर हलत होता.

"काऊन असं केलं बे तू?" त्याने पेपरामागूनच विचारलं. वहिनींनी डोळ्यांना पदर लावला, तेव्हा तर जमिनीने पोटात घ्यावं असं झालं.

थोड्या वेळाने त्या बायकोला म्हणाल्या, "दोघीही माह्यापाशीच राहू दे व माय. कोरीले चितारीकडून डोये काढून घेतो. तूच सणाले इकडे येत जाय. तुह्या घरी देवी ठेवणं धोक्याचं हाये."

"हाव जी बाई," बायको म्हणाली. इतक्या लवकर ती माझं कधीच ऐकत नाही.

म्हणजे आमच्या घरी आला तो फक्त रिकामा साचा. बायकोने तो बैठकीत, माझ्या पुस्तकांच्या कपाटावर टांगलाय. आत खोलगट चेहरा; पण अशा चेहऱ्याची गंमत अशी, की तुम्ही खोलीत कुठेही जा, तो वळून तुमच्याकडेच बघतो. अश्विनी म्हणाली, तो नुसता नजरेचा भास आहे. असेल. मी त्यावर वाचणार होतो. पण पुस्तक काढायला कपाटापर्यंत जाण्याची माझी अजून हिंमत झालेली नाही.