मोटारीचं प्रस्थान

ती घटना आठवली की आजही माझं डोकं फिरतं. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, जत्रेतल्या मारामाऱ्यांची तर गणतीच नाही. पण एका मोटारीच्या चार चाकांनी मला जेवढा मनस्ताप दिला, तेवढा कुठल्याही दरोडेखोराने दिला नाही. दरोडेखोर खोटं बोलणार हे आपण धरूनच चालतो. इथं खोटं बोलणारी सगळी माणसं सज्जन होती.

मराठवाडा महाराष्ट्रात येऊन काही वर्षं झाली होती. मी उस्मानाबादच्या ठाण्यात फौजदार होतो, तरी जुनी माणसं निजामाच्या काळातल्या सवयीने मला 'अमीनसाब'च म्हणायची. शहरात खासगी मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यातली एक इथल्या एका नावाजलेल्या वकिलांची. सकाळची हजेरी घेऊन मी स्टेशन डायरी लिहायला बसलो होतो, तेवढ्यात हे वकील आणि त्यांचे मेहुणे ठाण्यात आले. मोटारीची चारही चाकं रात्रीतून चोरीला गेली, अशी फिर्याद होती. मोटार जुन्या गल्लीतल्या त्यांच्या घराशेजारी, मोटारघरात होती. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच, एक वकिलांकडे आणि दुसरी त्यांच्या ड्रायव्हरकडे. फिर्याद लिहून झाल्यावर 'कुलूपबंद' हा शब्द नीट आला आहे ना, हे मेहुण्यांनी दोनदा वाचून पाहिलं. चाकं गेलेल्या माणसाला कुलपाची एवढी काळजी का, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

जमादाराला ड्रायव्हरला आणायला पाठवून मी पंचनाम्याला गेलो. मोटारघर म्हणजे पूर्वीचा टांग्याचा तबेला. आत मोटार चार दगडांवर बसवलेली होती आणि दोन्ही बाजूंच्या भिंती इतक्या जवळ होत्या, की चाकाचा पाना पुरता फिरवायलाही जागा नव्हती. शिवाय मोटारीच्या टपावर, काचांच्या फटींत, बंपरच्या मागे ज्वारीच्या कडब्याची पानं अडकली होती. वकिलांकडे ना गाय ना म्हैस. कडबा कुठून आला, असं विचारल्यावर ते म्हणाले, "वाऱ्यानं आला असेल." बंद मोटारघरात शिरणारा वारा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

ड्रायव्हर हा तरणाताठा मुसलमान गडी, आई आणि दोन बहिणींचा आधार. त्याच्या घरझडतीत जॅक आणि चाकाचा पाना सापडला. आता यापुढं काय हवं? किल्ली त्याच्याकडे, हत्यार त्याच्याकडे, कुलूप शाबूत. त्याला अटक झाली. वाईट एवढंच, की एसटीत ड्रायव्हर म्हणून त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचा कागद त्याच आठवड्यात आमच्या ठाण्यात येऊन पडला होता. चोरीचा गुन्हा नावावर लागला असता, तर सरकारी नोकरी जन्मात मिळाली नसती. "नाहीतरी तो चाललाच होता आम्हाला सोडून," वकील म्हणाले, "जाता जाता हात मारला." त्यांचा आवाज मात्र हे बोलताना खाली गेला होता.

मी त्याला समोर बसवून विचारलं, "जॅक घरी कशाला नेलास?"

"रोजच नेतो साब."

"का? गाडी तर कुलपात असते."

मी पुन्हा विचारलं, आवाज चढवला, मग चहा पाजून विचारलं. शेवटी एवढंच म्हणाला, "लिहायचं ते लिहून झालंय साब. आता माझं काय ऐकता?" मला राग आला. गुन्हेगार रडतो, शपथा घेतो, दुसऱ्याचं नाव घेतो. हा माणूस आपल्या घराला आग लागलेली लांबून बघत असल्यासारखा बसून होता.

पण माझ्या डोक्यातून तो जॅक जाईना. कुलपातल्या गाडीची अवजारं कुणी रोज घरी नेत नाही. उघड्यावरच्या गाडीची नेतो. वकिलांचं नवं घर गावाबाहेर माळावर बांधून होत आलं होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. म्हणून मी गल्लीत जाऊन जबाब घेतले. वकील नव्या घरी राहायला गेलेत का, एवढाच प्रश्न.

"न्हाय हो," समोरची म्हातारी म्हणाली. "पौष चालू हाय की. पौषात कुणी घर बदलतं व्हय?"

शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, "त्यांची चूल इथंच पेटते. माझ्या खिडकीत धूर येतो ना रोज."

किराणा दुकानदार, पिंजारी, खालच्या अंगाचे गवळी, सगळ्यांनी तेच सांगितलं. मी घरात डोकावलो तर देव्हारा जागच्या जागी, चुलीवर भात शिजत होता. वकील जुन्याच घरी राहत होते, यात तसूभर खोटं नव्हतं. मी हात हलवत परत आलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक गुरुजी उपरणं सावरत ठाण्यात आले. गल्लीतल्या निम्म्या घरांचे मुहूर्त तेच काढायचे. खुर्ची पुढं केली तरी बसेनात.

"मला तक्रार द्यायची आहे," ते म्हणाले. "माझ्या मुहूर्ताची बदनामी चालली आहे. गुरुजींच्या मुहूर्तावर ठेवलेल्या मोटारीची चाकं गेली, असं बायका पाणवठ्यावर बोलतात."

"कुठं ठेवलेल्या मोटारीची?"

"कुठं म्हणजे? माळावर. नव्या घरी. प्रस्थान ठेवलं ना त्यांनी."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुहूर्त आज आहे आणि निघायला मात्र उशीर आहे, अशा वेळी आपली एखादी वस्तू मुहूर्तावर पुढं नेऊन ठेवतात. त्याला प्रस्थान म्हणतात. वस्तू गेली म्हणजे माणूस निघाला असं धरायचं. घर मार्गशीर्षात पुरं झालं नव्हतं आणि पौषात जाता येत नव्हतं, म्हणून गुरुजींनी मार्गशीर्षातला शेवटचा चांगला दिवस काढून दिला होता.

"मी तांदूळ-सुपारीची पुरचुंडी ठेवा म्हटलं होतं," गुरुजी वैतागून म्हणाले. "हे म्हणाले, पुरचुंडी कसली, मोटारच ठेवतो. ती आपल्या पायानं जाते. नारळ फोडला, हार घातला, अन् ठेवली. तेव्हापासनं तिथंच उभी होती. माझा मुहूर्त निघण्याचा होता, चाकं सांभाळण्याचा नव्हता."

शास्त्रात प्रस्थान किती दिवस चालतं, मला माहीत नाही. वकिलांचं महिना होत आला तरी चालूच होतं. कुंपण नाही, फाटक नाही, अशा माळावर मोटार रात्रंदिवस उभी; ड्रायव्हर रोज जाऊन ती पुसायचा आणि अवजारं घरी न्यायचा. माणसं जुन्या घरी आणि मोटार तेवढी घर बदलून मोकळी. मी गल्लीला माणसांचं विचारलं होतं, मोटारीचं विचारलंच नव्हतं.

मी तडक मास्तरांकडे गेलो. ते चष्मा पुसत म्हणाले, "हो, काल पहाटे बैलगाडीवरून मोटार आली खरी. वर कडबा टाकला होता. दहा-बारा गडी लागले उतरवायला. मी स्वतः कंदील धरला होता."

"मग जबाबात का सांगितलं नाहीत?"

"अहो, भला माणूस आहे. त्याचा विमा बुडाला असता."

म्हातारी म्हणाली, "तुमी इचारलं कुठं?"

सगळ्या गल्लीने बिनचाकाची मोटार बैलगाडीत बसून येताना पाहिली होती. ती उतरवायला हात लावला होता. आणि पोलिसांसमोर एकालाही ती दिसली नव्हती. ड्रायव्हर कोठडीत आहे, त्याची नोकरी जाते आहे, हे कुणाच्या मनात आलं नाही का, असं विचारलं तर मास्तर म्हणाले, "वकीलसाहेब सोडवतीलच की त्याला. त्यांच्याच हातचं काम ते." मी त्या वेळी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.

वकील शेवटी घडाघडा बोलले. विम्याच्या करारात मोटार रात्री जुन्या घराच्या कुलूपबंद मोटारघरात राहील असं होतं. जागा बदलली तर कंपनीला कळवायचं, अशीही अट होती. त्यांनी कळवलं नव्हतं, कारण त्यांच्या मते ते घर सोडून गेलेच नव्हते. चाकं गेल्यावर मेहुण्यांनी अक्कल शिकवली, की माळावरून गेली म्हणाल तर कंपनी छदाम देणार नाही, मोटार आत आणून कुलूप घाला. "पण मग आळ कुणावर जाईल, हे तुम्हा वकिलाला कळलं नाही?" मी विचारलं. ते म्हणाले, "त्याचा जामीन मी स्वतःच देणार होतो."

खरी जागा कळल्यावर तपासाला वेळ लागला नाही. माळाशेजारी विहीर खणणाऱ्या लोकांनी सांगितलं, दोन अनोळखी माणसं मोटारीभोवती घुटमळत होती आणि जाताना ढोकीकडच्या वाटेला लागली. तिकडे कारखान्याला ऊस वाहायला रबरी चाकांच्या बैलगाड्यांचं नवं वेड आलं होतं. एका गाडी बनवणाऱ्याच्या अंगणात दोन चाकं नव्या गाडीला बसवलेली मिळाली, दोन भिंतीला टेकवलेली. आरोपी त्याच्याच सांगण्यावरून पकडले.

सोलापूरहून विमा कंपनीचा माणूस पाहणीला आला. त्याने दोन्ही जागा पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. "एक पोस्टकार्ड टाकायचं होतं," तो म्हणाला. "मोटार अमुक दिवसापासून अमुक जागी उभी असते, बस. आम्ही हप्ता थोडा वाढवला असता किंवा फाटक लावा म्हटलं असतं. तुमचं घर कधी बदलतं ते तुम्ही अन् गुरुजी बघा, आमचा संबंध मोटार कुठं झोपते त्याच्याशी." माळावरून चोरी झाली असं खरं सांगितलं असतं, तर वर लिहून काहीतरी मार्ग काढला असता, असंही तो म्हणाला. आता खोट्या माहितीवरचा दावा साफ नामंजूर. खोटी फिर्याद दिली म्हणून मी वर अहवाल पाठवला. प्रतिष्ठित गृहस्थ आहेत, समज देऊन सोडावं, असं उत्तर आलं.

ड्रायव्हरला सोडताना मी त्याच्यावरच चिडलो. "अरे, मोटार माळावर लावणारा तू. तोंडानं एकदा सांगितलं असतंस तर हा सगळा घोळ झालाच नसता."

त्याने जमादाराकडे बघितलं. "सांगितलं होतं साब. पहिल्याच दिवशी, इथं आणलं तवाच."

जमादार जुना, इमानदार माणूस. तो काही लपवणारा नव्हता. म्हणाला, "सांगितलं होतं साहेब. पण वकीलसाहेब एक सांगत होते, पुढं अख्खी गल्लीही तेच सांगू लागली. हा एकटाच दुसरं बोलत होता. म्हणून म्या लिहिलं न्हाय."

म्हणजे खरं काय ते पहिल्या तासापासून माझ्याच ठाण्यात होतं. नव्या लोकांना शिकवताना मी पुढं नेहमी सांगत आलो, की ज्याच्या शब्दाला गावात वजन नाही, त्याचा जबाब आधी लिहा आणि सगळे एकसारखं बोलायला लागले की सावध व्हा. माणसं द्वेषाने खोटं बोलतात तेव्हा एखादा तरी फुटतो. चांगुलपणाने बोलतात तेव्हा कुणी फुटत नाही, कारण पाप केल्यासारखं कुणाला वाटतच नाही.

तो पडताळणीचा कागद मी त्याच दिवशी पुरा केला. 'चारित्र्याबद्दल प्रतिकूल काही नाही' असं लिहून सही केली आणि जमादाराला सायकलवर पिटाळलं. त्या गल्लीतल्या कुणाबद्दलही मला ते वाक्य लिहिता आलं नसतं.