अप्पांचा डावा खांदा

बारावीला मार्क कमी पडले आणि मेडिकल हुकलं. गावातल्याच एका खाजगी कॉलेजात तेव्हा फिजिओथेरपीचा कोर्स नुकताच निघाला होता, तिथे मी गेले. आमचं दाजीबानपेठेत कापडाचं दुकान. आजोबा मिरजेकडून हुबळीला आले ते इथलेच झाले. घरात मराठी, दुकानात कानडी आणि भांडायला दोन्ही. 'फिजिओथेरपी' हा शब्द अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कधी नीट उच्चारता आला नाही. शेजारच्या दुकानदारांना ते सांगायचे, "पोरगी डॉक्टरकीला आहे." मी दुरुस्त करायला गेले की म्हणायचे, "त्यांना तेवढं कळतं, बस की."

कॉलेजात आमची जागा काय हे पहिल्या वर्षीच कळलं. मेडिकलच्या मुलांचं काम संपलं की त्याच प्रेतांवर आम्ही शरीररचना शिकायचो. स्नायू कुठून निघतो आणि कुठे हाडाला चिकटतो हे आमच्या कामाचं मूळ, आणि नेमकं तेच आमच्या आधी कापून, ओढून, चिंध्या करून झालेलं असायचं. विभागप्रमुख मॅडम मात्र मन लावून शिकवायच्या. लकवा झालेल्या माणसाला कसं झोपवायचं, कुशीवर कसं वळवायचं, निर्जीव हाताखाली उशी कुठे द्यायची, हे त्यांनी स्वतः गादीवर झोपून दाखवलं होतं. "सुरुवातीच्या दिवसांत खांदा सांभाळला नाही तर तो माणूस तुम्हाला जन्मभर शिव्या देईल," असं त्या म्हणाल्या होत्या.

पण वॉर्डात याच मॅडम वेगळ्या व्हायच्या. डॉक्टरांच्या राऊंडला आम्ही सगळ्यांत मागे, हात मागे बांधून उभ्या राहायचो. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं तर पेशंट आमचा, नाही लिहिलं तर समोर हात आखडत चाललेला दिसला तरी गप्प राहायचं, अशी त्यांची ताकीद असायची. चिठ्ठीतही बहुतेक वेळा 'फिजिओ द्या' एवढंच असायचं, सलाईन द्या म्हणावं तसं.

शेवटच्या वर्षाला असताना सांगलीकडचं एक स्थळ आलं. मुलाच्या आईनं विचारलं, "दिवसभर नेमकं काय करतेस गं?"

"पेशंटचे व्यायाम घेते. उठवते, चालवते."

"पुरुष पेशंट पण?"

"हो."

"हात लावून?"

"हात न लावता कसं उठवणार?" मी म्हणाले.

पोहे खाऊन ती माणसं गेली आणि परत काही निरोप आला नाही. मला वाटलं होतं अप्पा त्यांच्यावर चिडतील. ते माझ्यावर चिडले. "मशीनवर काम करते म्हणायचं होतंस. हात लावते हे सांगायची काय गरज होती?" आईनं कपबशा उचलल्या आणि ती आत निघून गेली.

पुढे माझी इंटर्नशिप सुरू असताना, एका सकाळी दुकानात गिऱ्हाइकाला ब्लाऊजपीस फाडून देताना अप्पांचा डावा हात खाली पडला. ठाण सुटून जमिनीवर उलगडत गेलं. अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, त्यांना रिक्षात घालून आणलं ते मी काम करत होते त्याच हॉस्पिटलात. डावी बाजू पूर्ण गेली होती. जीभ थोडी जड, पण बोलणं शाबूत, भान शाबूत.

मोठ्या डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली. अप्पांचा हात कॉटवरून खाली लोंबत होता. मी तो उचलला, खांद्याखाली आणि कोपराखाली उशी सरकवली, बोटं उघडी करून ठेवली. आमच्या परीक्षेत याला मार्क असतात.

राऊंडला डॉक्टर कॉटपाशी थांबले. "ही उशी कोणी लावली?"

"मी, सर. फिजिओची इंटर्न आहे. यांची मुलगी."

"मुलगी असशील तर बाहेर बस," ते म्हणाले. "फिजिओ असशील तर मी लिहीन तेव्हा ये."

त्यांच्यामागची मुलं हसली. सिस्टरनं उशी काढून पायथ्याशी ठेवली. अप्पांनी हे सगळं पाहिलं.

मी तडक मॅडमकडे गेले. त्या शेक द्यायच्या मशीनची वायर गुंडाळत होत्या. "मॅडम, तुम्ही एकदा बोला ना त्यांच्याशी. खांदा सांध्यातून उतरायला लागलाय."

त्यांनी वायर पूर्ण गुंडाळली, मग बोलल्या. "मी बोलले तर ते आपल्याकडे पेशंट पाठवायचे बंद होतील. मग तुम्ही पोरी शिकणार कोणावर?"

त्यांचं खोटं होतं असं नाही. पण त्या दिवसानंतर त्यांच्या हाताखाली काम करताना माझं मन लागलं नाही.

अप्पांना घरी सोडलं तेव्हाही कागदावर फिजिओथेरपीचा शब्द नव्हता. घरी आल्यावर काकांनी अळणावरजवळच्या एका खेड्यातून मालीशवाला आणला. माणूस वाईट नव्हता. लसूण घालून तेल कोमट करायचा, हळू आवाजात कानडीत देवाचं नाव घ्यायचा. पण मालीश झाली की मनगट धरून हात वर ओढायचा.

मी मध्ये पडले. "हात ओढू नका. खांद्याभोवतीचं बळ गेलंय. ओढलं की तो आणखी निखळतो."

"एनू आगंगिल्ल अक्का," तो म्हणाला. काही होत नाही.

"डॉक्टरांनीच तुला वॉर्डातून बाहेर काढलं ना?" अण्णा म्हणाला. "मग आता घरात शहाणपण नको."

मी अप्पांकडे पाहिलं. म्हटलं, "अप्पा, मला करू द्या. मी हेच शिकलेय."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. "तू आत जा. पोरीनं बापाचं अंग दाबायचं नसतं."

"दाबत नाही मी."

"जे काय करतेस ते बाहेर कर."

मी आत गेले. पुन्हा ओढल्यावर अप्पा ओरडले ते स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आलं. खांदा सुजला, त्यावर आणखी तेल आलं. पायात हळूहळू आपसूक बळ आलं तेव्हा घरादाराला तेलाचा गुण दिसला. हात मात्र छातीशी आखडला तो तसाच राहिला. मूठ इतकी घट्ट, की आई ओलं फडकं बोटांत सारून तळवा पुसायची, तरी वास जात नसे. शर्ट घालताना आधी अधू हात बाहीत घालायचा एवढं तिला मी चोरून शिकवलं. माझ्या सगळ्या शिक्षणातलं घरात तेवढंच चाललं.

पुढे मी हुबळीतच लॅमिंग्टन रोडच्या मागच्या गल्लीत एक खोली घेऊन काम सुरू केलं. अप्पा काठी टेकत दुकानात येऊन बसत, भाव सांगत. कापड अण्णा मोजायचा. गुडघेदुखी, मानदुखी असली गिऱ्हाइकं ते माझ्याकडे धाडत. स्वतः आले नाहीत. खांदा ठणकायचा, कूस बदलता यायची नाही, हे मला आईकडून कळे.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी दुकानात कोणी नव्हतं. अप्पा स्वतःहून म्हणाले, "बघ जरा."

मी त्यांच्या मागे बसले, एक हात खांद्यामागच्या खवाट्यावर ठेवला आणि दुसऱ्यानं त्यांचा दंड उचलायला गेले. बोटभरही उचलला गेला नाही. लाकडासारखा सांधा. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"होईल काही?"

"आता नाही, अप्पा."

त्यांनी डोळे उघडले. "आणि तेव्हा? तेव्हा झालं असतं?"

"पूर्ण नसतं झालं," मी म्हणाले. "पण इतकं दुखलं नसतं. रात्री झोप लागली असती."

अप्पांनी उजव्या हातानं पंचा डाव्या मुठीवर ओढून घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खरोखरच काही आठवत नसलेल्या माणसाचा चेहरा होता.

"मग तेव्हाच सांगायचं होतंस की," ते म्हणाले. "तू शिकलेली होतीस."

 दारात दोन बायका साडीचा फॉल विचारत उभ्या होत्या. अप्पा त्यांच्याशी कानडीत बोलू लागले, आणि मी त्यांच्या खांद्याला अजूनही चोळत असलेल्या तेलानं तेलकट झालेला हात ओढणीला पुसून बाहेर पडले.