मुळशीच्या पाण्याकाठी दोन दिवस आणि राक्षसाची विचारपूस

हातात फासा दिसला म्हणून कुणी कुणाला जुगारी म्हणू नये. मुळशीच्या पाण्याकाठी ज्या बंगल्यात आम्ही उतरलो, तिथल्या राखणदारानं आम्हाला तसं म्हटलं, तेही माझ्या पांढऱ्या केसांकडं बघून. फासा वीस बाजूंचा होता, टेबलावर एक पैसा नव्हता, आणि ज्याच्यावरून आवाज चढले होते तो राक्षस होता. एवढं कळायला काय चष्मा लागतो? त्यानं शेवटपर्यंत माफी मागितली नाही, उलट सरपणाचे वेगळे पैसे लावले. हे आधीच लिहिलं, कारण मागाहून लिहिलं तर तुम्ही म्हणाल, म्हातारीचा राग निवला. निवलेला नाही.

आता रामराम. मी चौथीपर्यंत शाळेत गेले, पुढं म्हशी होत्या. मी सांगते आणि आमची भाडेकरू प्राजक्ता ते कॉम्प्युटरवर चढवते. ब्लॉग तिचा आणि तिचा नवरा नितीन याचा. या फेरीचं तुम्हीच लिहा आजी, असं ती म्हणाली. अक्षरं शुद्ध कर, पण माझं म्हणणं बदलायचं नाही, या अटीवर मी कबूल झाले.

भूगावच्या पुढं आमचं घर. थोडी जमीन विकली, थोडी राहिली, आणि घरावर खोल्या चढवून भाड्यानं दिल्या. नितीन लातूरचा, प्राजक्ता नागपूरची, दोघं हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. दर रविवारी त्यांचा दोस्त समीर यायचा आणि वरून आवाज यायचे. "मी त्याचं मुंडकं उडवतो." "थांब, किल्ली त्याच्याकडे आहे." पहिल्या रविवारी मी लाटणं घेऊन वर गेले. बघते तर तिघं चहा पीत, कागद पुढं घेऊन बसलेले.

खेळ असा असतो. एकजण खेळवणारा. तो गोष्ट सांगतो: डोंगर आहे, दार आहे, दारामागं खुडबुड चाललीय. बाकीचे एकेक पात्र घेतात. खेळवणारा विचारतो, आता तू काय करतोस? तुम्ही सांगाल ते तुमचं पात्र करतं. जमलं की फसलं ते फासा सांगतो. पट लागत नाही, आणि शेवटी कुणी जिंकत नाही. मला पहिल्यांदा वाटलं, जिंकायचं नाही तर बसायचं कशाला. मग एकदा बसले आणि चूल विझली तरी उठले नाही.

तेव्हापासून मी तीन तऱ्हेचे खेळ खेळले. एक भुताच्या बंगल्याचा. त्यात शेवटी सगळे मरतात, म्हणून तो मला आवडत नाही. मरायला खेळ कशाला लागतो? दुसरा चोरांचा. त्यात आधी तासभर बसून बेत करायचा आणि मग तो बेत पहिल्या दारातच मोडायचा. हा चांगला आहे, लग्नघरासारखा. पण माझा लाडका तिसरा, गुहा आणि खजिन्याचा. त्यात मी झाडपाल्याची वैदीण आहे. जखमेवर पाला लावते आणि लावता लावता जखमी माणसाला चार शब्द सुनावते. नितीन म्हणतो, नियमात सुनावणं नाही. मी म्हटलं, औषधात आहे.

आता निघालो कशासाठी ते सांगते. आमच्या वॉर्डाची पंचायतीची जागा यंदा बायकांना राखीव झाली. भावकीनं बसून माझ्या सुनेचं, सुरेखाचं नाव काढलं. सुरेखा दहावी पास, कामाला वाघ, पण तिला काही विचारलं की घरात दुसरंच कुणीतरी उत्तर देतं. माझा मुलगा शंकर तर सगळ्यांना सांगत सुटला, "नाव तिचं, कारभार मी बघतो." तिला उभं राहायचंय का, हे तिला कुणी विचारलंच नाही. मी विचारलं तर म्हणाली, "तुमी म्हनाल तसं, आत्या."

हे काय उत्तर झालं? बाईच्या नावानं मतं मागायची आणि बाई नुसती फोटोत उभी. मला ते पटेना. पण तिला खरंच नको असेल तर बळजबरीही पटेना. आणि ती काही बोलेल तर कळणार. फॉर्म भरायला आठवडा उरला होता. त्यात नितीन म्हणाला, शनिवार-रविवार मुळशीला बंगला घेतलाय, दोन दिवस खेळच खेळायचा. मी म्हटलं, गाडीत दोन जागा ठेव, एक माझी आणि एक सुरेखाची.

शनिवारी सकाळी समीरच्या गाडीतून निघालो. पिरंगुटला मिसळ खा, पण पाव जास्तीचा आधीच मागून ठेवा, नंतर विचारलं तर पोरं ऐकत नाहीत. पौडापर्यंत रस्ता बरा. तिथून पुढं कुठं कुठं खडी टाकलेली आणि डांबराचा पत्ता नाही, तेव्हा जेवून लगेच निघू नका. पेट्रोल पिरंगुटलाच भरा. भाताची कापणी झालेली, खाचरांत पेंढ्या उभ्या, आणि आंबेमोहराचा वास गाडीच्या काचा खाली केल्या की आत. माले ओलांडलं की उजव्या हाताला पाणी दिसायला लागतं आणि मग तास-दीड तास ते सोबत सोडत नाही. सुरेखा खिडकीपाशी बसली होती. या रस्त्यानं ती पहिल्यांदाच आली. तिचं लग्न झाल्यापासून मी बघते, ती माहेर आणि पिरंगुटचा बाजार सोडून कुठं गेली नाही.

बंगला साधा. दोन खोल्या, पाण्याकडं तोंड करून ओटा, गरम पाणी चुलीवरचं. जेवण राखणदाराची बायको करते. पिठलं, भाकरी, पावट्याची उसळ, चाळीस रुपयांत पोट भरून. तिच्या हाताला चव आहे. नवऱ्याचं वर सांगितलंच.

जेवून ओट्यावर बसलो. खेळवणारा नितीन होता, त्यानं सुरेखाला विचारलं, "वहिनी, तुमचं पात्र कोण?"

"रानी म्हनून लिही," मी म्हटलं.

"आजी, वहिनींना विचारलंय."

सुरेखा बराच वेळ पदर चाळवत बसली. मग म्हणाली, "मेंढ्या राखनारी."

"किती मेंढ्या?"

"बारा. त्यातली एक लंगडी."

समीरनं मान वर केली. इतक्या रविवारांत त्याच्या सरदाराच्या घोड्याचा रंग काय हे त्यानं कधी ठरवलं नव्हतं.

गोष्ट अशी होती. घाटात एक राक्षस बसलेला. खालच्या तीन गावांतून तो धान्याचा तिसरा हिस्सा उचलतो. समीर तलवार घेऊन धावला. फासा टाकला, एक पडला. तलवार मोडली, खांदा फुटला. प्राजक्ता जादूगारीण, तिनं आग फेकली, ती वाऱ्यानं परत आली. मी घाटाच्या पायथ्याला, ओढ्याच्या खालच्या अंगाला थांबले होते, दोघं तिथं माझ्यापुढं येऊन पडले. मी पाला वाटायला घेतला. तेवढ्यात सुरेखा हळूच म्हणाली, "लंगडी वर ऱ्हायली. मी आनाया जाते."

राक्षसाचं बोलणं खेळवणाऱ्याकडं, म्हणून नितीननं आवाज जाड केला. "कोण आलंय माझ्या घाटात?"

सुरेखा माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, "सांग की, वाट चुकले म्हनून."

"आजी, तुम्ही ओढ्याखाली आहात. तुमचा आवाज वर पोचत नाही."

"का पोचत न्हाई? माजा आवाज पिरंगुटापर्यंत पोचतो."

"खेळात नाही पोचत. ज्याचं पात्र तिथं आहे, त्यानंच बोलायचं."

मला राग आला. पण नियम सगळ्यांना असतो, म्हणून मी पाला वाटत बसले.  नेमका तेव्हा तो राखणदार कंदील घेऊन आला, फासे बघितले आणि म्हणाला, "हितं जुगार चालत न्हाई. भल्या घरच्या बाया दिसताय."

"पैसे कुटं दिसतात तुला?" मी म्हटलं.

"मग फासा कशाला?"

"राक्षस अडवून बसलाय," समीर म्हणाला.

राखणदारानं पाण्याकडं बघितलं, मग आमच्याकडं. जायचं सोडून तो पायरीवर टेकला. म्हणाला, बघतो खरं-खोटं. मला वाटलं, आता संपलं. परक्या गड्यापुढं सुरेखा काय तोंड उघडते.

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि नितीनकडं बघून विचारलं, "तुमी कुनाचं?"

नितीन म्हणाला, "काय?"

"कुठल्या गावचं? कुनाच्या घरचं?"

आमच्याकडं दारात कुणीही आलं तरी आधी हेच विचारतात. चोर असला तरी. आणि मग पाणी देतात. पाणी पिऊन झाल्याशिवाय भांडण काढायचं नाही, अशी रीत आहे. या शिकलेल्या पोरांनी इतके राक्षस मारले, पण एकालाही विचारलं नव्हतं की बाबा तू कुणाचा. नितीनपाशी राक्षसाची ताकद लिहिलेली होती, घरदार नव्हतं. त्यानं कागद उलटले, डोकं खाजवलं.

"मी... डोंगरापलीकडचा."

"आदी पानी घ्या. घरी कोन कोन हाय?"

"म्हातारी आई."

"मग एवढं धान्य ती येकलीच खाती व्हय?"

राखणदार पायरीवरून हसला. नितीनला हसू दाबता येईना, आणि राक्षसाचा आवाज फाटला. त्यानंतर बराच वेळ सुरेखा आणि राक्षस दोघंच बोलत होते, आम्ही ऐकत होतो. पलीकडं पाऊस पडत नाही, रान पिकत नाही, हे नितीन तिच्या प्रश्नांनी जागच्या जागी रचत गेला. शेवटी तिनं ठरवून दिलं. राक्षसानं घाट राखायचा, रानडुकरं खाली येऊ द्यायची नाहीत. त्याबदल्यात गावं धान्य देतील, पण तिसरा हिस्सा नाही. आणि मोजायचं गावाच्या मापानं, त्याच्या ओंजळीनं नाही. नितीन म्हणाला, फासा टाका, बघू ऐकतो का. सतरा पडले. ऐकलं.

समीर म्हणाला, "वहिनी, माझा खांदा उगीचच फुटला की."

"इचारलं असतं तर सांगितलं असतं," सुरेखा म्हणाली.

हा खेळ मला का आवडतो, असं प्राजक्ता मला नेहमी विचारते. ते आता सांगते. या खेळात कुणीतरी तुमच्याकडं तोंड करून विचारतं, तू काय करशील, आणि मग थांबतं. उत्तर येईपर्यंत थांबतं. घरात असं कोण थांबतं?

रविवारी सकाळी पाण्यावर धुकं होतं. गरम कपडे न्या, नुसती शाल पुरत नाही. राखणदार चहा घेऊन आला आणि म्हणाला, "डुकरं आली न्हाईत ना खाली?" मी त्याला उत्तर दिलं नाही. सुरेखानं दिलं.

दुपारी सामान बांधत होतो तेव्हा फटफटी वाजली. शंकर आणि मागं भावकीतले बापू, आमच्यातले वडीलधारे. बंगल्यावर फोन लागत नाही, म्हणून आमचा पत्ता काढत आलेले. बापूंना म्हणे आजच पक्कं हवं होतं. ओट्यावर बसले, पाणी प्याले, आणि बापूंनी विचारलं, "सूनबाई, उभं ऱ्हायचं नक्की का?"

"नक्कीच हाय बापू," शंकर म्हणाला. "कागद मी तयार केल्यात. ती नुसती सही करनार."

"शंकर," मी म्हटलं, "तू ओढ्याखाली हायेस."

"आँ?"

"तुजा आवाज हितं पोचत न्हाई. तिला इचारलंय."

शंकरनं समीरकडं बघितलं. समीरनं दोन्ही हात वर केले. मीही गप्प बसले, आणि ते मला फार जड गेलं. बापूंना कुठं बघावं कळेना. नितीन हातातली पिशवी तशीच धरून उभा राहिला.

सुरेखा म्हणाली, "उभी ऱ्हाते. पन नाव माजं तर सभेला मी बसनार. कागद वाचून सही करनार. आन् मागच्या आळीला नळाला पानी रात्रीचंच का येतंय, ते पयल्या सभेत इचारनार."

"ते लई जुनं हाय," बापू म्हणाले.

"म्हनून तर इचारनार."

"आन् मी काय करू?" शंकर म्हणाला.

"सभेच्या दिशी धारा काढा," ती म्हणाली. "तुमाला येत्यात."

बापू हसले, पण मान हलवली. शंकर परत जाताना फटफटी जरा जोरातच घेऊन गेला. जाऊ दे. त्याचा राग त्याच्या बापासारखाच, संध्याकाळपर्यंतच टिकतो.

घरी आलो ते पिरंगुटच्या वळणावर गाड्यांची रांग लागली होती म्हणून उशिरा. धारा काढून झालेल्या होत्या. फॉर्म मंगळवारी भरला. सुरेखानं तो आधी चुलीपुढं बसून मोठ्यानं वाचला, आणि एक रकाना चुकला होता तो शंकरकडून पुन्हा लिहून घेतला. निवडून येईल की पडेल, मला सांगता येत नाही. समोरची बाई पण चांगली आहे. पण आता लोक दारात येतात आणि आत बघून विचारतात, सुरेखा आहे का. हे आमच्या दारात आधी कधी झालं नव्हतं.

खेळाचं काही विचारायचं असेल तर खाली लिहा, नितीन सांगेल. बंगल्याचं आणि रस्त्याचं प्राजक्ता सांगेल. वॉर्डाचं, नळाचं, गटाराचं, किंवा ही बाई उभी का राहिली, असं काहीही विचाराल तर त्याला उत्तर सुरेखानंच द्यायचं, वेळ लागला तरी चालेल. शंकर, तू हे वाचतोस ते मला माहीत आहे. तू खाली एक अक्षर लिहायचं नाही. मीही लिहिणार नाही.